पिकने द्रुत वाजवताना तार कशी ओलांडायची: गिटार, मेंडोलिन आणि बेंजोसाठी

एकाच तारेवर हात सुसाट चालतो आणि दुसऱ्या तारेवर जायची वेळ आली की ठेचकाळतो. पिकने वाजवणाऱ्या बहुतेकांचं दुखणं हेच असतं. (पिक म्हणजे तार छेडायची पट्टी. सोयाबीनच्या पट्ट्यात हे सांगितलेलं बरं.) त्यावर ‘रियाज वाढवा’ हा सल्ला सर्रास मिळतो. पण चुकीच्या हालचालीचा रियाज वाढवला की अडखळणं तेवढं पक्कं होतं. पिक दोन तारांच्या मध्ये नेमकं कुठे अडकतं हे आधी कळायला हवं.

या लेखात गिटार आणि मेंडोलिनचा विचार मुख्यतः केला आहे. वरातीतला कळांचा बेंजो पुढे वेगळा घेतला आहे, कारण त्याची अडचणच वेगळी. ‘डाउन’ म्हणजे जमिनीकडे जाणारा घाव, ‘अप’ म्हणजे वर येणारा. सरोदच्या बोलांत डाउनला दा आणि अपला रा म्हणतात. सितारीवर मात्र दा आत, स्वतःकडे ओढून वाजतो. त्यामुळे सितारीवरून मेंडोलिनकडे आलेल्यांचे बोल सुरुवातीला उलटे पडतात.

आधी निदान

मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून दर ठोक्याला चार स्वर, म्हणजे चौगुन वाजवली, की सेकंदाला चार घाव होतात. १२० वर चौगुन म्हणजे सेकंदाला आठ, १५० वर दहा. मेंडोलिनवर लांब सूर धरायला जो थरथराट करतात तो सेकंदाला आठच्या आसपास बसला तरी कानाला अखंड वाटतो.

आता तीन चाचण्या घ्या, तिन्ही १२० च्या लयीत. पहिली: एक मोकळी तार, डाउन-अप, चौगुनीत पाच सेकंद. म्हणजे चाळीस घाव. दुसरी: त्याच तारेवर डाव्या हाताने सा रे ग रे, सा रे ग रे. गिटारच्या तिसऱ्या तारेवर (पहिली सर्वांत बारीक, सहावी सर्वांत जाड) फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, ५-७-९-७, बोटं पहिलं, दुसरं, चौथं, दुसरं. मेंडोलिनच्या ए तारेवर ३-५-७-५. तिसरी: शेजारच्या दोन तारा, प्रत्येकीवर दोन-दोन घाव, आलटून पालटून.

पहिलीतच हात थकला तर दोष पकडीत किंवा मनगटात आहे. पहिली जमली आणि दुसरीत स्वर फसफसले, तर दोन हातांचा मेळ नाही. दोन्ही जमल्या आणि तिसरी कोसळली, तर प्रश्न तार ओलांडण्याचा. बहुतेकांची गाडी तिसऱ्या चाचणीत अडते, पण मेहनत मात्र पहिलीवर चाललेली असते.

पिक: जाडी, टोक आणि पकड

०.४६ ते ०.६० मिलिमीटरचं पातळ पिक झंकार वाजवायला छान. द्रुत एकेरी स्वरांना मात्र ते तारेवर वाकतं आणि सरळ व्हायला वेळ घेतं, तेवढ्यात पुढचा घाव येऊन ठेपतो. गिटारला ०.८८ ते १.२ मिलिमीटर घ्या. मेंडोलिनच्या तारा जोडीने असतात आणि ताठ असतात, म्हणून १.२ ते १.५. त्याहून जाड पिकने चांगलं वाजवणारेही आहेत, पण सुरुवातीला जाड पिकची प्रत्येक चूक ‘टक्’ करून ऐकू येते.

तालुक्याच्या गावी एवढे प्रकार मिळत नाहीत. मुदत संपलेलं एटीएम कार्ड असेल तर ते ०.७६ मिलिमीटर जाडीचं असतं. त्यावर जुनं पिक ठेवून पेनाने आखा, चिप आणि उठावाचे आकडे टाळून कात्रीने कापा. कड आधी ४०० नंबरच्या, मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासा आणि शेवटी जीन्सच्या कापडावर पन्नासेक वेळा रगडा. बोट फिरवून पाहा: कुठेही खरबरीत लागलं तर तारेलाही तिथेच लागणार. हे प्लॅस्टिक मऊ असल्याने टोक लवकर झिजतं. पण ही जाडी आपल्याला मानवते की अजून जाड हवं, हे बिनपैशात कळतं.

टोक रोज उजेडाकडे धरून बघा. नेहमी एकाच कोनात वाजवल्याने ते एका बाजूला तिरकं झिजतं आणि तिथे बारीक धार येते. ती धार गुंडाळीच्या जाड तारांवर किसणीसारखी खरखरते. पॉलिश पेपरवर दोन मिनिटं घासलं की काम होतं. पिकला तीन टोकं असतील तर फिरवून वापरा.

पकडताना तर्जनी थोडी वाकवा, तिच्या शेवटच्या पेराच्या बाजूवर पिक ठेवा आणि वरून अंगठ्याचा मांसल भाग टेकवा. अंगठ्याबाहेर टोक ४ ते ६ मिलिमीटरच दिसू द्या. दाब किती? दुसऱ्याने चिमटीत धरून हलकं ओढलं तर पिक निघून यावं, पण झटकून पडू नये. लय वाढते तशी पकड नकळत आवळत जाते, मग कोपरापर्यंतचा हात दगड होतो. दर मिनिटाला एकदा थांबून ही ओढून बघायची परीक्षा करा.

एप्रिल-मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि घामाने पिक गोल फिरायला लागतं. घट्ट धरून ते थांबत नाही, उलट हात लवकर भरतो. पिकच्या मध्यभागी कागदाच्या पंचने भोक पाडा, किंवा सायकल ट्यूबचा नखाएवढा तुकडा पंक्चरच्या सोल्युशनने अंगठ्याच्या बाजूला चिकटवा. कोरडं व्हायला रात्रभर ठेवा, नाहीतर बोटच चिकटेल.

आणखी दोन मापं. तारेखाली पिकचं टोक दीड-दोन मिलिमीटरच बुडू द्या. जास्त खोल गेलं की दर घावाला तार उपसून काढल्यासारखं होतं. आणि पिक तारेला सपाट भिडवू नका, त्याची पुढची कड २०-३० अंशांनी वळवा, म्हणजे ते तारेवरून घसरत जातं. याहून जास्त वळवलं की आवाज पातळ होतो आणि जाड तारा खरखरतात.

हात कुठून हलवायचा

हालचाली तीन. मनगट डावीकडे-उजवीकडे हलणं, पीठ चाळताना चाळणीवरचा हात हलतो तसं. कोपरापासून पुढचा हात गोल फिरणं, मोटरसायकलची चावी फिरवतो तसं. आणि कोपरातूनच अख्खा हात थरथरणं. तिसरी वेगवान असते, पण लवकर थकवते आणि घावाचा जोर ताब्यात राहत नाही. मनगटाची हालचाल मुख्य ठेवा, तिला फिरण्याची जोड द्या.

सैल मनगट म्हणजे काय ते पाहायचं असेल तर तुळजापूरला गोंधळ चालू असताना तुणतुणं वाजवणाऱ्याकडे बघा. रात्रभर एकच तार, एकच ठेका, हातात छोटीशी काडी, आणि खांदा जागचा हलत नाही. लोकांचं लक्ष संबळाकडे असतं, पण शिकायचं असेल तर नजर त्या मनगटावर ठेवा.

बसायला हात नसलेली खुर्ची घ्या. गादीवर किंवा पलंगाच्या कडेला बसलं की वाद्य खाली घसरतं आणि उजवा हात त्याला सावरण्यात गुंततो. पट्टा बसूनही लावा. पिक ब्रिजपासून, म्हणजे वाद्याच्या अंगावर तारा टेकतात त्या पट्टीपासून, ५ ते ८ सेंटिमीटरवर चालवा. तिथे तार ताठ असते, कमी हलते आणि पिकला लगेच परत फेकते. आवाजाच्या भोकावर तार ढिली लागते, गोड वाजते, पण पुढचा घाव तिच्या हेलकाव्यात सापडतो.

तार ओलांडणं

सगळ्यात जास्त वेळ याला द्या. तारा एका सपाट पाटावर शेजारी-शेजारी ताणलेल्या आहेत असं समजा. पिक या पाटाला अगदी समांतर मागे-पुढे गेलं, तर डाउननंतर ते खालच्या तारेला आणि अपनंतर वरच्या तारेला अडतं. दोन्ही बाजूंनी कैद. तार बदलायची तर पिक उचलून पलीकडे टाकावं लागतं, आणि सेकंदाला आठ घाव चालू असताना ती उडी जमत नाही. तुमचं अडखळणं म्हणजे ही उडी.

उपाय म्हणजे हालचाल किंचित तिरपी करणं. तिरप्या रेषेचं एक टोक तारांमध्ये बुडतं आणि दुसरं आपोआप हवेत निघतं. तार बदलायची ती पिक हवेत असताना. कोणतं टोक बाहेर निघणार हे तळहात कसा टेकला आहे यावर ठरतं.

ब्रिजजवळ तळहाताची फक्त करंगळीकडची कड टेकवा आणि अंगठ्याकडची बाजू किंचित उचललेली ठेवा. आता मनगट बाजूला हलवलं की डाउन वाद्याच्या दिशेने आत जातो आणि अप तारांपासून दूर, हवेत निघतो. याला ‘अप-मोकळा’ हात म्हणू. याउलट तळहाताच्या दोन्ही कडा तारांवर सपाट टेकवल्या, तर तीच मनगटाची हालचाल डाउनला बाहेर काढते आणि अप आत बुडतो. हा ‘डाउन-मोकळा’ हात.

तुमचा हात मुळात कोणता, हे मोबाइलवर कळतं. स्लो-मोशन व्हिडिओ लावा, फोन गिटारच्या खालच्या टोकाकडे ठेवून कॅमेरा तारांच्या पातळीवरून मानेकडे रोखा, मधल्या तारेवर जमेल तेवढ्या वेगात पाच सेकंद वाजवा. पिकचं टोक कोणत्या बाजूला तारांच्या वर उठतं ते दिसेल. फोन नसेल तर वेगात वाजवता-वाजवता डाउनवर एकदम थांबा. पिक पुढच्या तारेला टेकून उभं असेल तर डाउन बुडतो, म्हणजे हात अप-मोकळा. पाच-सहा वेळा करून बघा. संथ वाजवून केलेली चाचणी फसवते, कारण संथ लयीत हात वाटेल तसा उचलता येतो.

आपला हात एकदा कळला की उरतो तो निव्वळ हिशेब. अप-मोकळ्या हाताने डाउनवर सुरू केलं आणि प्रत्येक तारेवर सम संख्येने स्वर वाजवले, दोन किंवा चार, तर तारेवरचा शेवटचा घाव अपच येतो. पिक हवेत, तार मोकळी. डाउन-मोकळ्या हाताने हेच करायचं तर पहिला घाव अप घ्या. एवढ्या एका बदलाने कित्येकांची अडलेली तान मोकळी होते.

गिटारवर भूप राग (सा रे ग प ध) घेऊन बघा. सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर सा धरा. सहावी तार ३-५ (सा रे), पाचवी २-५ (ग प), चौथी २-५ (ध सां), तिसरी २-४ (रें गं), दुसरी ३-५ (पं धं), पहिली ३-५ (त्यावरचा सा आणि रे). प्रत्येक तारेवर बरोबर दोन स्वर, डाउन-अप, डाउन-अप. चढताना आणि उतरताना दोन्हीकडे हिशेब बसतो.

आता बिलावल (सगळे सात शुद्ध स्वर) घ्या आणि गंमत बघा. तोच सा, पण प्रत्येक तारेवर तीन स्वर: सहावी ३-५-७ (सा रे ग), पाचवी ३-५-७ (म प ध), चौथी ४-५-७ (नी सां रें). सुरुवातीच्या सहाव्या तारेवरच डाउन-अप-डाउन, आणि पिक बुडलेलं. अप-मोकळा हात इथे अडलाच.

मेंडोलिनवर हे चित्र पूर्ण उलटं आहे, कारण तिच्या तारा पंचमाच्या अंतराने जुळवलेल्या असतात: जी, डी, ए, ई. जी तारेच्या मोकळ्या स्वराला सा मानलं तर बिलावल प्रत्येक तारेवर चार-चार स्वरांत बसतो: जी तार ०-२-४-५ (सा रे ग म), डी तार ०-२-४-५ (प ध नी सां). सम संख्या, सरळ रस्ता. भूप मात्र तीन-तीनात पडतो: जी ०-२-४ (सा रे ग), डी ०-२-५ (प ध सां), ए ०-२-५ (रें गं पं). गिटारवाल्याला भूप सोपा आणि बिलावल जड, मेंडोलिनवाल्याला नेमकं उलट. दोघं एकाच क्लासला शेजारी बसले तर दोघांनाही वाटतं, आपल्यालाच जमत नाही.

तीन स्वरांच्या तारांवर अप-मोकळ्या हाताला दोन वाटा आहेत. चढताना डाउन-अप-डाउन वाजवा. तिसरा डाउन पुढच्या बारीक तारेला टेकून थांबलेलाच असतो, तोच ढकला: पुढचा स्वरही डाउन. म्हणजे डाउन-अप-डाउन, डाउन-अप-डाउन. दोन तारांवरून जाणारे ते दोन डाउन म्हणजे एकच सलग ढकल आहे, दोन वेगळे झटके नव्हेत. इथली नेहमीची चूक म्हणजे ढकल घाईत होते, स्वर लयीआधी वाजतो आणि तान लंगडते. मेट्रोनोमवर ती लगेच पकडली जाते.

उतरताना ही ढकल चालत नाही, कारण जाड तारेकडे जायचं आहे आणि डाउन उलट्या बाजूला बुडलेला आहे. म्हणून पहिला स्वर डाउन, दुसरा अप, आणि तिसरा पिकने न वाजवता डाव्या बोटाने तार खाली ओढून सोडत काढा. पिकचे घाव दोनच झाले, पिक हवेत आहे, पुढच्या तारेवर पुन्हा डाउन. याला फसवाफसवी समजणारे आहेत. ऐकणाऱ्याला मात्र स्वर स्वच्छ आला की नाही एवढंच कळतं. डावं बोट तार फक्त उचलत असेल तर तो स्वर बारीक पडतो, त्याने तार जमिनीच्या दिशेने किंचित खेचली पाहिजे.

तिसरी वाट म्हणजे दोन्ही टोकांना हवेत निघणारी, वाटीच्या तळासारखी वळलेली हालचाल. ती सगळीकडे चालते. पण आधी एक बाजू मोकळी करून पक्की करा, वर्षभराने या वाटेला लागा. पहिल्या महिन्यात ती धरली की दोन्ही बिघडतात.

मेंडोलिनला एक जादा गोष्ट: प्रत्येक घावाने जोडीच्या दोन्ही तारा वाजल्या पाहिजेत. हालचाल फार तिरपी झाली की एकच वाजते आणि सूर कधी भरीव, कधी पोकळ येतो. तिरपेपणा जोडीपुरता कमी ठेवा. उप्पलपु श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी कर्नाटक संगीतासाठी आठ तारांच्या जागी पाच एकेरी तारांची इलेक्ट्रिक मेंडोलिन वापरली. गमक (स्वर हेलकावत वाजवणं) काढायला जोडीच्या तारा आड येतात, आणि एकेरी तार पिकलाही सोपी जाते.

दोन हातांचा मेळ

डावं बोट पिकच्या घावाच्या निमिषभर आधी पडलेलं हवं. उशीर झाला तर ‘खट्’, फार लवकर पडलं तर आधीचा स्वर तुटतो. चार स्वरांच्या प्रत्येक गटाचा पहिला स्वर जोरात वाजवा, बाकी तीन हलके: सा रे ग रे, सा रे ग रे. जोराचा घाव नेहमी डाउन, आणि त्यावर नेहमी पहिलं बोट. प्रत्येक घाव पकडायचा प्रयत्न सोडून द्या, चौथा-चौथा मैलाचा दगड गाठला की मधले तीन आपोआप रांगेत येतात. गट चुकला तर थांबा आणि पुढच्या समेवर धरा.

लय वाढवायची कशी

रोज पाच-पाच बीपीएम (मिनिटाला ठोके) वाढवत जाण्याची पद्धत सगळीकडे सांगतात. ती निम्मी खरी आहे. चालण्याचा वेग वाढवत नेला म्हणून माणूस पळायला लागत नाही, पळण्याची ढबच निराळी. ६० वर जी हालचाल सुखाची वाटते ती १४० वर टिकतेच असं नाही. म्हणून द्रुत हालचाल आधी छोट्या तुकड्यांत शोधायची आणि मग तीच संथ करून तपासायची.

तुकडा पाच घावांचा: चार चौगुनीत आणि पाचवा पुढच्या ठोक्यावर, तिथे थांबायचं. मेट्रोनोम १०० वर लावा. एक तुकडा, तीन ठोके विश्रांती, पुन्हा तुकडा. विश्रांतीत पकड ढिली झाली का ते बघा. दहापैकी आठ तुकडे स्वच्छ आले की ११०, मग १२०. मग नऊ घावांचा तुकडा, मग सतरा. १३० वर फाटलं तर ११५ वर या, दोनदा स्वच्छ वाजवा, पुन्हा १२५.

हेच काम आपल्या जुन्या बोलांत आयतं सापडतं. सितारीवरच्या विलंबित मसीतखानी गतीचे आठ मात्रांचे बोल: दिर दा दिर दा रा दा दा रा. दिर म्हणजे एका मात्रेत दा-रा, म्हणजे छोटासा तुकडा, आणि लगेच एका मात्रेची उसंत. शिवाय शेवटी लागोपाठ दोन दा येतात, तिथे आलटापालट मोडते आणि हात यंत्रासारखा चालत असेल तर हमखास चुकतो. एका तारेवर ७० च्या लयीत हे बोल तोंडाने म्हणत वाजवा. तोंडाने म्हणता न आलेला बोल हातातून निघत नाही.

दिवसाचे वीस ते पंचवीस मिनिटं द्रुत कामाला पुरेत. पाच मिनिटं संथ मोकळ्या तारा, आठ मिनिटं एका तारेवरचे तुकडे, दहा मिनिटं तार ओलांडणं, उरलेली दोन मिनिटं मनसोक्त काहीही. हे एका बैठकीत करण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ वाटून घ्या. कोपराजवळ दुखलं किंवा बोटांना मुंग्या आल्या तर त्या दिवशी पिक खाली ठेवायचं. भरून येणं वेगळं, दुखणं वेगळं. दोन-तीन दिवसांत दुखणं गेलं नाही तर डॉक्टर गाठा.

बेंजोवर

वरातीत, जयंतीच्या मिरवणुकीत, कव्वालीला वाजतो तो आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. टाइपरायटरसारख्या कळांचं हे वाद्य जपानी ताइशोगोतोवरून आलं, जे १९१२ साली नागोया इथे तयार झालं. कातड्याच्या तोंडाचा अमेरिकन बॅंजो निराळा. इथे एका सुरात लावलेल्या तारांवरून पिक एकदमच फिरतं, सूर बदलते ती कळ. म्हणजे तार ओलांडण्याची कटकटच नाही. जड पिकही नको, ०.६ ते ०.७३ पुरेसं, कारण एका घावात अनेक तारा पार करायच्या असतात.

अडचण येते ती कळेची. कळ अर्धी दबली की सूर खडखडतो, आणि बोट उचलल्यावर कळ उशिरा वर आली की दोन सूर एकमेकांत मिसळतात. कळेच्या मधोमध दाबण्यापेक्षा पुढच्या टोकाला, कमी उंचीवरून दाबा. डाव्या हाताची तर्जनी, मधलं आणि अनामिका अशी तीन बोटं वापरा. एकाच बोटाने कळा शोधणाऱ्याचा उजवा हात कितीही चालला तरी तान तुटकच येणार.

मिरवणुकीनंतर कळांच्या फटीत गुलाल बसतो. दुसऱ्या दिवशी दव किंवा घाम लागून तो चिकट होतो आणि नेमकी एक कळ खालीच राहते. ओलं फडकं अजिबात लावू नका. रंगाचा एक इंची कोरडा ब्रश घ्या, वाद्य तिरपं धरा, एकेक कळ दाबून तिच्या दोन्ही बाजूंनी गुलाल खाली झाडा, मग तारा कोरड्या सुती कापडाने वरून आणि खालून पुसा. कळेवर तेल टाकायचा मोह होतो. तेलावर पुढच्या मिरवणुकीचा गुलाल बसला की लगदा होतो.

वाद्याची तयारी

तार उंच असेल तर डावा हात मागे पडतो आणि दोष उजव्या हातावर येतो. बाराव्या फ्रेटवर फ्रेटच्या डोक्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजा: इलेक्ट्रिक गिटार १.५ ते २ मिलिमीटर, साधी गिटार २ ते २.५, मेंडोलिन १.५ ते २. आपल्याकडे उन्हाळ्यात लाकूड कोरडं पडतं आणि पावसाळ्यात फुगतं. त्यामुळे मे महिन्यात लावलेली उंची ऑगस्टमध्ये तीच राहत नाही, वर्षातून दोनदा मोजा. वाद्य पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका, उष्णतेने गोंद सुटून ब्रिज उचलला जातो.

गंजलेली तार पिकला धरून ठेवते. वाजवून झालं की पुसायची सवय ठेवा आणि रोज वाजवत असाल तर दोन-तीन महिन्यांनी बदला.

सितारीचा रस्ता निराळा. तिथे तर्जनीवर तारेची नखी बसते, म्हणजे पकडीचा प्रश्न संपतो आणि नखीच्या मापाचा सुरू होतो. सैल नखी द्रुत लयीत फिरते, फार घट्ट असेल तर बोटाचं टोक पांढरं पडतं. माप बोटावर घालूनच घ्या, आणि जमलं तर मिरजेला जाऊन. तिथल्या सितारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आलं ते याच मिरजेहून, तेव्हा रस्ता लातूरकरांना परका नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी

घरी १४० वर स्वच्छ येणारी तान मंचावर १२५ ची धरा. आणि मिरवणुकीत तर लय हलगीवाल्याच्या हातात असते, तो रंगात आला की विचारून वाढवत नाही. म्हणून प्रत्येक द्रुत तुकड्याच्या दोन आवृत्त्या बसवून ठेवा: एक चौगुनीची, एक दुगुनीची, दोन्हींची सुरुवात आणि शेवट एकाच स्वरावर. लय हाताबाहेर गेली की समेवर दुगुनीत उतरायचं. पण हा बदल घरी हलगीच्या ध्वनिमुद्रणासोबत वीसेक वेळा केलेला हवा, कारण ऐन गर्दीत तो सुचत नाही.